कुंभार्ली घाटातला झिरपा

गुहागरला मावशीकडे तीन दिवस राहून निघालो त्या सकाळी अंगणातल्या तांबड्या मातीवर, गाडीच्या पुढच्या भागाखाली, रुपयाएवढा एक ओला डाग होता. मी तो पाहिला आणि एसीचं पाणी असेल म्हणून आंब्याच्या पेट्या डिकीत लावायला वळले. मामा मात्र गुडघ्यावर हात ठेवून वाकले, डागाला बोट लावलं आणि बोट उन्हात धरलं.

"गाडी रात्रभर उभी होती ना गं? मग एसीचं पाणी सकाळपर्यंत ओलं कसं राहील? आणि हे हिरवट आहे."

मामा माझ्या आईचे थोरले भाऊ. पाटबंधारे खात्यात नोकरीला होते आणि त्या नोकरीतली बरीच वर्षं कोयना धरणावर गेली. धरणाच्या पोटात माणूस चालू शकेल अशा गॅलऱ्या असतात. तिथे झिरपून आलेलं पाणी एका नालीत गोळा होतं आणि इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेवरून वाहतं. खाचेतल्या पाण्याची उंची मोजली की किती पाणी झिरपतंय ते कळतं. मामा ती उंची वाचायचे आणि वहीत लिहायचे. निवृत्तीनंतरही खिशात छोटी वही आणि पेन्सिल असतेच. लहानपणी आम्हा भाचरंडांना त्याची गंमत वाटायची.

मी बॉनेट उघडलं. कूलंटची प्लास्टिकची बाटली पाहिली. पातळी दोन रेघांच्या मध्ये होती. "भरलेलं आहे मामा, चला," म्हटलं. त्यांनी डागाखालची माती पायाने सारखी केली, वहीत काहीतरी लिहिलं आणि गाडीत बसले.

गुहागरहून निघालेला हा रस्ता कोकणातून वर चढून, कराड ओलांडून थेट विजापूरकडे जातो. शृंगारतळी, मार्गताम्हाणे, रामपूर अशी गावं मागे टाकत चिपळूणला पोचेपर्यंत सगळं सुरळीत होतं. मे महिन्याचे दिवस होते. काजूच्या झाडांखालचा पाचोळा वाजत होता, बांधावरचे फणस लोंबत होते, आणि गाडीत हापूसचा वास इतका दाटला होता की दुसरा कुठलाही वास कळला नसता. खरोखर तसंच झालं. चिपळूण सोडून शिरगावपर्यंत आलो तेव्हा एसीच्या झोतातून एक गोडसर, जरा उग्र वास येत होता. मला तो आंब्याचाच वाटला.

पोफळीपासून रस्ता डोंगराला भिडतो. या डोंगराच्या आत कोयनेचं भूमिगत वीजघर आहे. कोयना नदी हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. धरणानं तिचं पाणी अडवलं, ते बोगद्यांतून पश्चिमेकडे नेलं आणि सह्याद्रीच्या कड्याइतक्या उंचीवरून खाली सोडून त्यावर जनित्रं फिरवली. सगळे टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. वीज देऊन झाली की ते पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. बंगालच्या उपसागराकडे निघालेल्या पाण्याची दिशाच इथे बदलते. मामा मला हेच सांगत होते आणि मी दुसऱ्या गिअरमध्ये एका ट्रकच्या मागे चढत होते.

अर्धा घाट चढल्यावर तापमानाचा काटा मध्यावरून सरकला. मी एसी बंद केला, काचा खाली केल्या. काटा आणखी वर गेला. मग अचानक खाली आला. मला हायसं वाटलं. इंजिनाची उष्णता कमी करायची तर हीटर पूर्ण सोडावा, एवढं ऐकून माहीत होतं, म्हणून तोही सोडला. मामांनी झोतापुढे हात धरला.

"हवा गार येतेय गं."

"बरं झालं ना मग?"

"हीटरची हवा गार कशी येईल? आत गरम पाणी फिरत असेल तर हवा गरमच यायला हवी."

मी पुढच्या वळणावर रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. त्या गार हवेचा अर्थ नंतर गॅरेजमध्ये नीट कळला. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवर काटा खरं बोलतो. पाणी त्याच्याखाली गेलं की तो नुसत्या वाफेत किंवा हवेत उरतो आणि काटा खाली येऊ शकतो. हीटरच्या जाळीतही पाणी पोचत नाही, म्हणून हवा गार येते. मी आणखी पाच मिनिटं त्या काट्यावर विसंबून चढले असते, तर ॲल्युमिनियमचं सिलिंडर हेड वाकलं असतं आणि मग खर्च रेडिएटरच्या कितीतरी पट झाला असता. गाडी वाचली ती मामांनी झोतापुढे हात धरला म्हणून.

तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नये, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आतलं पाणी दाबाखाली असतं. झाकण फिरवलं की दाब एकदम सुटतो आणि उकळतं पाणी तोंडावर येतं. आम्ही पाऊण तास थांबलो. खाली पोफळीकडचा हिरवा-पिवळा उतार दिसत होता. कठड्यावर माकडं येऊन बसली. एसटी गेल्या, ट्रक गेले. बरेच चालक वेग कमी करून "पाणी पायजे काय?" विचारत होते. एक ट्रकवाले उतरलेच. त्यांनी पाच लिटरचा कॅन दिला आणि केबिनमधून हळदीची पुडीही आणली.

"ताई, दोन चमचे टाका. बंद होईल भोक."

मामांनी हळद हातात घेतली, क्षणभर विचार केला आणि परत दिली. "दादा, भोक कुठे आहे तेच अजून माहीत नाही. आधी बघू दे."

ट्रकवाल्यांना राग आला नाही. "हां, बघायला तर पायजेच," म्हणाले. झाकणावर फडकं टाकून त्यांनी ते आधी पहिल्या खाचेपर्यंत फिरवलं, वाफ निघून जाऊ दिली, मग काढलं. आत पाणी दिसेचना. बाटली मात्र अजून भरलेली! इंजिन चालू करायला लावून त्यांनी थोडं थोडं पाणी ओतलं. तापलेल्या धातूवर एकदम गार पाणी पडलं तर तडा जातो, म्हणून बेताबेताने. साडेतीन लिटर बसलं. मग झाकण पहिल्या खाचेवरच ठेवायला सांगितलं.

"पूर्ण बसवू नका. दाब धरला नाही की गळणार कमी. पाणी लवकर उकळेल, पण तुम्ही उतारानेच जाणार. पुढे चढू नका, मागे चिपळूणला जा. गाडी गिअरमध्येच उतरवा, न्यूट्रल करू नका."

गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून उतरताना इंजिन जवळजवळ पेट्रोल घेत नाही, त्यामुळे तापत नाही. पंप फिरत राहतो, पाणी फिरत राहतं, आणि ब्रेकही तापत नाहीत. आम्ही तसेच उतरलो. खाली आल्यावर दोनदा थांबून पाणी पाहिलं. वाटेत मामांनी एकच वाक्य म्हटलं, "सकाळी मातीत दिसलं होतं." त्यात टोचणी नव्हती, नोंद होती. मला मात्र ते मनात फार वेळ बोचत राहिलं.

चिपळूणच्या अलीकडे, कराड रस्त्यालाच, एका गॅरेजात गाडी लावली. मेस्त्री पन्नाशीचे, दोन पोरं हाताखाली. भिंतीवर डोक्याच्या वर एक मळकट आडवी रेघ होती. "बावीस जुलै दोन हजार एकवीस," पोरगा म्हणाला. त्या पुरात चिपळूण बुडालं तेव्हा इथेही पाणी शिरलं होतं. रंग दिला तेव्हा मेस्त्रींनी ती रेघ मुद्दाम ठेवली. मामा तिच्याकडे बराच वेळ बघत होते. पाण्याची पातळी भिंतीवर खुणेनं जपून ठेवणारा माणूस त्यांना लगेच आपला वाटला असणार.

मला वाटलं होतं, मेस्त्री बॉनेट उघडतील आणि "रेडिएटर गेला" म्हणतील. त्यांनी गाडीला हातच लावला नाही. "पूर्ण थंड होऊ दे," म्हणाले. चहा मागवला. प्रश्न विचारले. किती दिवस बाटली कमी होते? सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो का? गाडीतला पायाखालचा गालिचा ओला लागतो का? काचेवर आतून चिकट धुकं धरतं का? प्रत्येक प्रश्नामागे एक शक्यता होती. गालिचा ओला असेल तर हीटरची जाळी फुटलेली. पांढरा धूर असेल आणि ऑइलच्या पट्टीवर चहासारखं दुधाळ दिसत असेल तर हेड गॅस्केट गेलेलं, म्हणजे पाणी इंजिनाच्या आत जातंय. त्यांनी पट्टी काढून फडक्यावर पुसली. ऑइल काळं पण स्वच्छ होतं. मी केव्हा श्वास रोखला होता ते मला तेव्हा कळलं.

"बाटली भरलेली असताना रेडिएटर रिकामा कसा?" मी विचारलं.

"बाटलीकडे बघून फसतात सगळे. गाडी तापली की जास्तीचं पाणी झाकणातून बाटलीत जातं. थंड झाली की रेडिएटर तेच पाणी परत ओढून घेतो. पण कुठे फट असेल तर तो पाणी कशाला ओढेल? फटीतून हवा ओढतो. बाटली तशीच राहते आणि आत खाली होत जातं. थंड गाडीचं झाकण उघडून बघायचं, तेच खरं."

गाडी थंड झाल्यावर त्यांनी रेडिएटर काठोकाठ भरला आणि झाकणाच्या जागी प्रेशर टेस्टर बसवला. हा दिसायला सायकलच्या पंपासारखा असतो आणि त्यावर एक घड्याळ असतं. जुन्या झाकणावर ०.९ लिहिलेलं होतं, म्हणजे ०.९ बारपर्यंत दाब धरणारं. एवढ्या दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही, ११८ अंशांच्या आसपास उकळतं. कूलंट मिसळलेलं असेल तर त्याहून वर. गाडीची कूलिंगची सगळी व्यवस्था या दाबावर उभी आहे, आणि म्हणूनच काही फटी फक्त दाबाखालीच उघडतात. थंड, उभ्या गाडीत त्या मिटलेल्या असतात.

त्यांनी पंप मारून काटा १३ पीएसआयवर आणला. "आता हात लावायचा नाही. बघायचं."

मामांनी घड्याळ काढलं. दहा मिनिटांत काटा १३ वरून साडेदहावर आला. वहीत नोंद झाली. गळती होती, पण डोळ्यांना कुठेच दिसत नव्हती. मेस्त्रींनी एकेक जागा घेतली. वरचा आणि खालचा होज पाइप पिळून पाहिला, क्लिपांच्या कडेला बोट फिरवलं, थर्मोस्टॅटच्या घराभोवती बॅटरी मारली. वॉटर पंपाला खालून एक बारीक भोक असतं. पंपाचं सील गेलं की पाणी तिथून ठिबकतं. तेही कोरडं होतं. "नव्वद टक्के झालं बघून," म्हणाले, आणि दाढी करायच्या आरशासारखा एक आरसा, लांब दांडीचा, पंख्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या चिंचोळ्या जागेत घातला.

"काका, या इकडे. बघा."

आरशात मलाही दिसलं. रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची, तिच्या दोन टोकांना काळ्या प्लास्टिकच्या टाक्या. टाकी जाळीला जिथे जोडलेली असते तिथे धातूचे छोटे छोटे दात दुमडून प्लास्टिक दाबून धरतात आणि मध्ये रबराची दोरी असते. खालच्या डाव्या कोपऱ्यात त्या दातांवर पांढरट-हिरव्या भुकटीची कड धरली होती. कूलंट वाळून राहिलेलं. म्हणजे हे आजचं नव्हतं, महिना-दोन महिन्यांचं होतं. त्या कडेतून एक थेंब फुगला, दातावर क्षणभर थांबला आणि पडला. मग दुसरा फुगू लागला.

मामा मोजत होते. "मिनिटाला सहा."

मेस्त्रींनी काटा पुन्हा १३ वर नेला. "आता?"

"नऊ."

दोघेही एकमेकांकडे बघून हसले. दोन अनोळखी माणसं, एक धरणाच्या गॅलरीतला आणि एक गॅरेजातला, एकच काम करत होती. दाब वाढला की गळती किती वाढते, हे मोजत होती.

झाळता येणार नाही का, हे मामांनी विचारलं. पूर्वी रेडिएटर तांब्या-पितळेचे असत, ते झाळून द्यायचे, वीस वर्षं चालायचे. प्लास्टिकला झाळ लागत नाही, आणि दात पुन्हा दाबले तरी तापून-थंड होऊन आखडलेलं रबर धरत नाही. हळदीचं विचारलं तर मेस्त्रींनी ती हसण्यावारी नेली नाही. "जुन्या पितळी जाळीत नळ्या रुंद असायच्या. हळद फुगून भोकात अडकायची, माणूस घरी पोचायचा. आताच्या नळ्या चपट्या आणि अरुंद. तीच हळद त्यांत बसते, हीटरमध्ये बसते, आणि मग चांगली जाळी पण जाते. तुम्ही नाही टाकलीत ते बरं केलंत."

आमच्या गाडीचा रेडिएटर चिपळुणात मिळाला नाही. कराडला होता. सकाळच्या एसटीने येईल म्हणाले. रात्र चिपळुणात काढली. सकाळी दहाच्या आत खोकं आलं. ज्या घाटात आम्ही अडकलो, तोच घाट उतरून!

बदलण्याचं काम दोन तासांचं, पण प्रत्येक पायरी काळजीची. खालचा पाइप सोडून कूलंट कापलेल्या कॅनमध्ये घेतलं. गॅरेजबाहेरचं कुत्रं वास घेत आलं तसं मेस्त्रींनी पोराला ओरडून ते हाकलायला लावलं. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि जनावराला मारतं. म्हणून ते गटारात ओतायचं नाही, उघडं ठेवायचं नाही. कॅनचं तोंड बंद करून कोपऱ्यात ठेवलं, मग पुढचं काम. पुढचा बंपर उतरला, पंख्याचं प्लास्टिकचं घर सुटलं, दोन्ही होज निघाले. एसीचा कंडेन्सर पुढे टांगलेलाच ठेवला. त्याचा पाइप ताणला तर गॅस जातो, म्हणून पोराने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. जुना रेडिएटर वर आला तेव्हा त्याच्या पंखांमध्ये किडे, पाकळ्या, धूळ असं कितीतरी अडकलेलं होतं.

मेस्त्रींनी जुना आणि नवा शेजारी उभे केले. उंची, खालच्या दोन खुंट्या, होजच्या तोंडाची जाडी, झाकणाचं तोंड, सगळं जुळतंय का ते हाताने पाहिलं. खुंट्यांखालचे रबरी बुश नवे घातले, कारण बुश झिजले की रेडिएटर थरथरतो आणि तीच थरथर जोड सैल करते. झाकणही नवं घेतलं. स्प्रिंग ढिली झाली की दाब धरत नाही. मग तयार मिश्रणाचं कूलंट हळूहळू ओतत, वरचा होज हाताने दाबत, बुडबुडे बाहेर काढले. हीटर पूर्ण सोडून इंजिन चालू ठेवलं. थर्मोस्टॅट उघडला तशी पातळी एकदम खाली गेली, पुन्हा भरली. पंखा लागला, बंद झाला, पुन्हा लागला. हीटरची हवा हाताला चटका बसेल इतकी गरम होती. मी तो झोत बराच वेळ हातावर घेतला.

गाडी थंड झाल्यावर शेवटी पुन्हा टेस्टर. तेरा पीएसआय. पंधरा मिनिटं. काटा जागचा हलला नाही. मामांनी लिहिलं. रेडिएटर, झाकण, बुश, कूलंट आणि मजुरी मिळून साडेसात हजार झाले. त्यातला मोठा वाटा वस्तूचा होता. पण त्या आरशाची, त्या दहा मिनिटांच्या न बोलता थांबण्याची किंमत बिलात कुठेच नव्हती. मी ती वेगळी द्यायला गेले तर मेस्त्रींनी घेतली नाही. मावशीच्या आंब्यांतला एक डझन मात्र आनंदाने घेतला.

दुपारी पुन्हा घाट चढलो. काटा मध्यावर आणि तिथेच. कालच्या वळणावर मी थांबले नाही, पण वेग कमी केला. माकडं तिथेच होती. घाटमाथ्यावर हवा बदलली, हेळवाक आलं, कोयनानगर आलं. नेहरू उद्यानापाशी उतरून धरण पाहिलं.

मामांनी तिथे ११ डिसेंबर १९६७ ची गोष्ट सांगितली. ते तेव्हा पाटणच्या शाळेत होते. पहाटे सव्वाचारच्या सुमारास भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसं गेली, कोयनानगर मोडून पडलं. धरण उभं राहिलं, पण त्याच्या वरच्या भागात आडव्या भेगा गेल्या. त्या भरून काढल्या, मागून काँक्रीटचे भक्कम आधार दिले. "मी नोकरीला लागलो त्याच्या नंतर," मामा म्हणाले, "पण साहेबांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. धरण म्हटलं की झिरपा असायचाच, झिरपा दिसला म्हणून घाबरायचं नाही. तो किती आहे आणि कालच्यापेक्षा वाढलाय का, हे मात्र एक दिवसही चुकवायचं नाही. वाढला तर कुठून, ते शोधायचं. सापडल्याशिवाय हात लावायचा नाही."

मी धरणाच्या त्या करड्या भिंतीकडे पाहत होते. मागे शिवसागर जलाशयाचं पाणी, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पाडणारे डोंगर, आणि पोटात कुठेतरी व्ही आकाराच्या खाचेवरून वाहणारं बोटभर पाणी. ते बोटभर पाणी कुणीतरी रोज वाचत आलंय. आपल्या घरातल्या, गाडीतल्या, शरीरातल्या गोष्टीही आधी बोटभरच सांगतात. त्या वेळी वाकून बोट लावणारं माणूस जवळ असावं लागतं, किंवा आपण तसं व्हावं लागतं.

कराडला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. मामांनी दाराशी गाडी लावायला सांगितली आणि घरातून जुना पेपर आणून इंजिनाखाली पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. सकाळी मी उठून बाहेर आले तर ते आधीच वाकलेले होते. पेपर कोरडा. त्यांनी वहीत तारीख घातली आणि पुढे एक गोल शून्य काढलं.

"झालं ना मामा?"

"आजचं झालं. पुण्याला गेलीस की रोज सकाळी पेपर बघायचा आणि गाडी गार असताना झाकण उघडून पातळी बघायची. आठ दिवस. मला फोनवर सांगायचं."

मी आठ दिवस फोन केला. आठही दिवस शून्य होतं, आणि पलीकडून दर वेळी पेन्सिलीचा आवाज येत होता.